स्वेच्छा बालमंदिराचा भोंगा

मूल जन्मतः शहाणे असते आणि पुढे मोठ्या माणसांच्या संगतीने हळूहळू बिघडत जाते, ही गोष्ट आता शास्त्राने मान्य केलेली आहे. (मान्य करणारे सगळे शास्त्रज्ञ मोठे होते. पण शास्त्रात असल्या किरकोळ बाबींकडे पाहायचे नसते.) यावर उपाय दोनच निघतात. एक, मुलाला मोठे होऊच न देणे. हा व्यवहारात जमत नाही. दुसरा, मोठ्या माणसांना मुलांपासून शक्य तितके लांब ठेवणे. या दुसऱ्या उपायाला बालकेंद्री शिक्षण म्हणतात. १९७५ च्या जून महिन्यात तो सोलापुरात, नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, सिद्धलिंगप्पा कापडवाल्यांच्या गोदामाच्या खोलीत सुरू झाला. बाहेर पाटी लागली : ‘स्वेच्छा बालमंदिर. येथे मूल सांगेल तसे.’

पाटी लावणारी कुमारी हेमावती शिवप्पा बिराजदार ही प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली होती. शेवटच्या वर्षी तिने कॉलेजच्या आवारातल्या मुंग्यांच्या एका वारुळाचा अभ्यास केला होता. अभ्यासाची अट अशी होती, की वारुळाला हात लावायचा नाही, काडी घालायची नाही, साखर टाकायची नाही. फक्त पाहायचे आणि टिपून ठेवायचे. हे तिला उत्तम जमले. मुंग्यांनी तिला एकदाही निराश केले नाही. त्यामुळे मे महिन्यात पुण्याच्या एका शिबिरात खादीच्या झब्ब्यातल्या व्याख्यात्यांनी जेव्हा ‘मुलाला फक्त पाहा, मूल हाच गुरू’ असे सांगितले, तेव्हा मंडपातल्या सगळ्या मंडळींत एकटीच्या अंगावर काटा आला तो हेमावतीच्या. तिला वाटले, हे तर आपले वारूळच.

या ओढीला आणखी एक कारण होते, ते ती कुणाला सांगत नसे. तिसरीत असताना तिने मास्तरांना विचारले होते, शून्याने भागले तर काय होते? मास्तरांनी हात पुढे करायला सांगितला आणि दोन छड्या दिल्या. प्रश्नाचे उत्तर तिला पुढे कॉलेजात मिळाले. ते असे, की हा प्रश्न विचारायचा नसतो. म्हणजे मास्तरांचे उत्तर बरोबरच होते, फक्त पद्धत जुनी होती. पण तेव्हापासून हेमावतीने मनाशी ठरवले होते, की आपल्या हातात कधी मुले आली तर छडी येणार नाही.

शिबिरातून परत येताना, मोहोळ स्टेशन मागे पडेपर्यंत, तिने गाडीतच बालमंदिराचे नियम तयार केले. मोठ्या माणसाने मुलाला काही सांगू नये. मुलाने काही विचारल्यास उत्तर न देता ‘तुला काय वाटतं?’ असे उलट विचारावे. मूल ज्यात रमेल तेच शिक्षण समजावे. आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : मोठ्या माणसाने मध्ये पडू नये. (रक्त आल्यास अपवाद. हा अपवाद मागाहून, चिमाबाईच्या आग्रहावरून घालण्यात आला.)

चिमाबाई ही बालमंदिराची सेविका. गल्लीतच राहणारी, सहा मुले वाढवलेली, म्हणजे शास्त्रीय दृष्टीने पाहता सहा मुले बिघडवलेली. तिला ‘मेल्या’ आणि ‘मुडद्या’ हे शब्द सोडायला लावून त्या जागी ‘तुला काय वाटतं?’ बसवायला हेमावतीला जवळजवळ महिना लागला. शब्द बसले, सूर मात्र जुनाच राहिला. चिमाबाईने कमरेवर हात ठेवून ‘तुला काय वाटतं?’ म्हटले की वाळूत बसलेले मूल आपोआप उठून उभे राही. पुढे हे वळण तिच्या घरीही गेले. एके दिवशी तिचा नवरा तक्रार घेऊन बालमंदिराच्या दारात आला. जेवायला काय केलंय असे विचारले की बायको म्हणते, तुमाला काय वाटतं; आणि वाटतं ते सांगितलं तर ते केलेलं नसतं, असे त्याचे म्हणणे होते. हेमावतीने त्यालाही उत्तर दिले नाही.

खोलीबद्दल सिद्धलिंगप्पांचे धोरण स्पष्ट होते. पाच वर्षांची नात चन्नम्मा तिथे घातल्यावर त्यांनी हेमावतीला दुकानात बोलावून गादीवर बसवले, चहा पाजला आणि सांगितले, “हे बघा हेमावतीबाई, माझं काय म्हणणं न्हाय. शिवप्पा आमचे घरचेच. दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी मी येणार आणि नातीला काय येतंय ते बघणार. काय आलं तर खोली तुमचीच. न्हाय आलं, तर माझ्या गठ्ठ्यांना तरी आत येऊ दे की.”

त्यात वावगे काही नव्हते. हेमावतीच्या वडिलांनीही दिवाळीनंतरची तयारी म्हणून कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी शब्द टाकून ठेवला होता. काम हलके होते : फॉर्मलिनच्या बाटल्यांतल्या बेडकांवर देखरेख करायची. ते पळून जाण्याचा संभव कमी होता. हेमावती रात्री अंथरुणावर पडली की ते बेडूक तिला दिसत. सगळे एका बाजूला तोंड करून, शिस्तीत.

पहिल्या पावसाळी महिन्यात मुलांना पूर्ण स्वातंत्र्य देण्यात आले. लाकडी ठोकळे, रंगीत मणी, वाळूचा खोका, मातीचे गोळे, सगळे हाताशी ठेवण्यात आले. स्वातंत्र्य मिळताच बहुसंख्य मुले दारात जाऊन बसली आणि रस्ता बघू लागली. काही झोपली. एकाने मणी खाल्ला. (मणी दुसऱ्या दिवशी परत मिळाला.) हेमावतीने या टप्प्याला ‘निरीक्षणप्रधान अवस्था’ असे नाव दिले. तिला स्वतःलाही ती अवस्था चांगली परिचयाची होती. मुले रस्त्याकडे बघत, हेमावती मुलांकडे बघे, आणि चिमाबाई हेमावतीकडे बघे. अशा रीतीने बालमंदिरात सकाळभर कुणीही कुणाला बिघडवत नसे.

श्रावणात एका सकाळी गिरणीचा भोंगा झाला. भोंगा रोजच होत असे. सोलापुरात सूर्य उगवतो तो भोंग्याला विचारूनच, असा तिथल्या जुन्या लोकांचा समज आहे. पण त्या दिवशी मुक्ता नावाची मुलगी दारातून उठली, खोलीच्या मध्यभागी आली, गालांत हवा भरून तिने तोंडाने दुसरा भोंगा केला, आणि म्हणाली, “चला, पयली पाळी.”

मुक्ताचे वडील गिरणीत मागखात्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे कामगार आणि साहेब यांच्या मधला माणूस. कुणाला कुठल्या मागावर लावायचे हे तो ठरवतो. मुक्ताने ठोकळ्यांचे माग मांडले, मण्यांच्या कांड्या भरल्या, आणि मुलांना रांगेत उभे करून हजेरी घेतली. दारात बसलेली सगळी मुले, ज्यांना तोवर ठोकळे आणि मणी पाहूनही उठावेसे वाटले नव्हते, ती मागावर उभी राहून धोटा इकडून तिकडे टाकू लागली. तोंडाने माग वाजवू लागली. खोलीत इतका आवाज झाला की सिद्धलिंगप्पांच्या दुकानातून नोकर बघायला आला.

हेमावतीच्या डोळ्यांत पाणी आले. वारूळ जागे झाले होते. आणि तिने त्यात काडीही घातली नव्हती.

पुढच्या दोन महिन्यांत स्वेच्छा बालमंदिराची गिरणी झाली, आणि ती चालली मात्र सोलापुरातल्या कुठल्याही गिरणीसारखी. वेळेवर भोंगा, हजेरी, मधली सुट्टी. उशिरा येणाऱ्याला त्या दिवशी काम नाही. चांगला माग हवा असेल त्याने मुक्ताला डब्यातला अर्धा पेरू द्यावा, ही पद्धत पहिल्या आठवड्यातच रूढ झाली. (हेमावतीने ती ‘देवाणघेवाण’ या सदराखाली नोंदली.) मालक मात्र कुणी होईना. त्याला कारण भांडण नव्हते. मालक काय करतो, हे मुलांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते.

आणि गिरणी म्हटली की बदली आलेच. बदली म्हणजे ज्याला कायमची जागा नाही असा कामगार. त्याने रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहायचे. आत कुणी गैरहजर असला तर जॉबर बोट दाखवून याला आत घेतो; नाही तर घरी. मुक्ताने बदल्यांसाठी उंबऱ्याबाहेरची जागा नेमून दिली आणि तिथे पहिली नेमणूक चन्नम्माची केली. चन्नम्मा पायात चांदीचे वाळे घालून येई. डबा दोन पुडांचा. मुक्ताने तिला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि निर्णय दिला, “हिला कामाची सवय न्हाय.”

तेव्हापासून चन्नम्मा रोज सकाळी उंबऱ्याबाहेर उभी राहू लागली. रडत नसे. भोंगा झाला की टाचा उंच करून आत बघे. कुणाला ताप आलाय का, कुणी आजोळी गेलंय का याचा अंदाज घेई. हजेरी संपली की खाली बसून डबा उघडे. चिमाबाईने हे चार-सहा दिवस पाहिले आणि मग तिचा धीर सुटला.

“ताई, त्या पोरीला आत घ्या की,” ती म्हणाली. “शेटजीनं बघितलं तर गठ्ठे आत अन् आपण भाईर.”

“रक्त आलंय का?” हेमावतीने विचारले.

“न्हाय.”

“मग.”

हे ‘मग’ हेमावतीला वाटले तितके सोपे गेले नाही. त्या रात्री बेडूक पुन्हा दिसले. पण नियम चौथा स्वच्छ होता, आणि आपल्याला सोयीचे नाही म्हणून नियम मोडायचा तर मास्तरांत आणि आपल्यात फरक काय उरला? तिने नोंद केली, की चन्नम्माच्या ठिकाणी चिकाटी, संयम आणि आशावाद या तीन गुणांचा झपाट्याने विकास होत आहे. खाली रेघ मारली. मग झोप आली नाही ती आली नाहीच.

आपत्ती आली ती समोरच्या बोळातल्या शाळेतून. तिथे बाकडी होती, घंटा होती, आणि अशा बाई होत्या की त्यांचा आवाज पेठेत गिऱ्हाइकांना ऐकू जाई. मुक्ताचा थोरला भाऊ तिथे दुसरीत होता. त्याने एका संध्याकाळी तळहातावरचे दोन लाल वळ मुक्ताला दाखवले, जसे कुणी पदक दाखवावे, आणि म्हणाला, “तुमच्या ताईनं मारलंय का कधी? न्हाय ना? खोटी साळा हाय तुमची. नुस्ता खेळ.”

दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली नाही. मुले घोळका करून हेमावतीसमोर आली. मुक्ताने विचारले, “ताई, आपली साळा खोटी हाय का?”

शिबिरात नेमक्या अशा क्षणाबद्दल सांगितले होते. हेमावती गुडघ्यांवर बसली, मुलांच्या उंचीला आली, आणि प्रेमाने म्हणाली, “तुम्हाला काय वाटतं?”

जूनपासून हा प्रश्न अनेकदा विचारून झाला होता. त्या दिवशी प्रथमच मुलांनी त्यावर विचार केला. विचार करायला ती दाराबाहेर जाऊन बसली. बदल्यांच्या जागेवरून चन्नम्मानेही भाग घेतला. विचाराअंती उत्तर असे निघाले, की खोटी आहे. पद्धत यशस्वी झाली होती, याबद्दल शंकेला जागा नव्हती.

इथे काळाबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. ते वर्ष देशभर शिस्तीचे होते. एसटीच्या पाठीवर, पोस्टात, दवाखान्यात, सगळीकडे कमी बोला, जास्त काम करा अशा अर्थाच्या पाट्या लागल्या होत्या. गाड्या वेळेवर येत होत्या. (निदान न आल्याचे कुणी बोलत नव्हते.) गिरण्यांतले संप बंद झाले होते. गेटवर माणसे जमली तर हवालदार जवळ येऊन नुसता उभा राही आणि माणसे आपली आपणच पांगत. सोलापूरसारख्या गावात हे अवघडच होते. पण सगळ्यांनी ते मान्य केले होते, आणि मान्य करताना कुणाला काय वाटते ते कुणी विचारले नव्हते. एवढे मात्र खरे, की संपबंदीच्या त्या वातावरणात सहा वर्षांखालील व्यक्तींचा विचार राहून गेलेला होता. आणि त्याआधीचा एक संप मुक्ताने वडिलांच्या खांद्यावर बसून, अगदी वरून, पाहिलेला होता.

दिवाळीची सुट्टी लागण्याच्या दिवशी सकाळी सिद्धलिंगप्पा काळा कोट आणि पांढरी टोपी घालून नातीचे शिक्षण बघायला निघाले. दिवाळीची गर्दी होती. कापडाच्या दुकानांपुढे बायका उभ्या, टांगे अडकलेले. गल्लीच्या तोंडाशी ते थबकले. बालमंदिराच्या दारात मुले मांड्या घालून बसली होती. मुक्ता उंबऱ्यावर उभी होती. तिने हात वर करून ‘आमच्या मागण्या’ म्हटले की मुले ‘मान्य करा’ म्हणत. आणि सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठ्या आवाजात, वाळे वाजवत, मूठ वळून ‘घेतल्याशिवाय ऱ्हाणार न्हाय’ म्हणत होती ती चन्नम्मा. संपात बदली आणि कायम असा भेद नसतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला आतल्यांच्यात घेतले होते.

गिऱ्हाइके सामान खाली ठेवून बघू लागली. टांगेवाल्याने टांगा थांबवला. कोपऱ्यावरच्या हॉटेलात बशीतला चहा पिणाऱ्या हवालदाराने बशी खाली ठेवली.

सिद्धलिंगप्पांचा चेहरा टोपीइतका पांढरा झाला. त्यांनी हेमावतीला भिंतीशी गाठले.

“हे काय, बाई? संप? आत्ता? माझ्या जागेत?” ते हळू आवाजात म्हणाले. “तो बघा तिकडं उठला. काय मागतायत ती? काय असल ते देऊन टाका.”

हेमावतीने मुक्ताला बोलावले. वाटाघाटी उंबऱ्यावर झाल्या. मुक्ताने मागण्या बोटांवर सांगितल्या.

“ताई नको. बाई पायजे.”

“बरं,” सिद्धलिंगप्पा म्हणाले.

“पाटी पायजे. घंटा पायजे.”

“देतो. दोन्ही देतो.”

“छडी पायजे.”

सिद्धलिंगप्पांनी हेमावतीकडे पाहिले.

“अन् बाईनी सांगायचं, आमी ऐकायचं,” मुक्ता शेवटचे बोट मिटत म्हणाली. “आमाला काय वाटतं ते इचारायचं न्हाय. लई कटाळा येतो.”

हेमावती उंबऱ्यावर बसली. विज्ञानाची पदवीधर म्हणून तिने प्रश्न पायरीपायरीने सोडवायला घेतला. मुलाची इच्छा सर्वोच्च. मुलाची इच्छा अशी, की त्याची इच्छा विचारू नये. ही इच्छा मान्य केली, तर मुलाची इच्छा सर्वोच्च राहत नाही. अमान्य केली, तरीही राहत नाही. तिने दोनदा तपासून पाहिले, हातचा कुठे राहिला नव्हता. हे शून्याने भागणेच होते. आणि तसले काही विचारले की काय मिळते, हे तिला तिसरीपासून माहीत होते.

“तुम्ही मागताय ते तुम्हाला खरंच हवंय का?” तिने विचारले.

“बगा, परत इचारलं,” मुक्ता म्हणाली, आणि मुले पुन्हा घोषणांना बसली.

हवालदार आता दोन दुकाने अलीकडे आला होता. सिद्धलिंगप्पांनी नोकराला पळवले. मेट्रिक मापे आल्यापासून दुकानाच्या कोपऱ्यात पडून असलेला, कापड मोजायचा लाकडी गज नोकर घेऊन आला. तेल पाजलेला, वापरून गुळगुळीत झालेला. सिद्धलिंगप्पांनी तो स्वतःच्या हाताने हेमावतीच्या हातात दिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हवालदाराने बाईंच्या हातातली छडी पाहिली, इथे सगळे ठीक चालले आहे अशी त्याची खात्री झाली, आणि तो उरलेला चहा प्यायला परत गेला.

मग सिद्धलिंगप्पांना आपण कशासाठी आलो होतो ते आठवले. त्यांनी नातीला जवळ घेतले. “काय शिकलीस गं, चन्नू?”

चन्नम्माने विचार केला. “अज्जा,” ती म्हणाली, “रोज दारात उभं ऱ्हायचं. जागा मिळत न्हाय. मग सगळ्यांनी मिळून वरडायचं. मग मिळती.”

सिद्धलिंगप्पा पिढीजात व्यापारी होते. त्यांनी खोली बालमंदिराकडेच राहील असे सांगितले. फक्त दुसरा भाग शाळेत पुन्हा शिकवू नये, एवढी त्यांची विनंती होती.

दिवाळीनंतर शाळा खरी झाली. मुले रांगेत बसली, हातांची घडी, तोंडावर बोट. हेमावती गज घेऊन पुढे उभी राहिली. आणि सवयीने मुलांकडे बघत राहिली.

“बाई, वरडा की,” मुक्ताने आठवण केली.

हेमावती ओरडली. तो आवाज कुणाला पसंत पडला नाही. दादाच्या बाई हितनं ऐकू येतात, असे मुलांनी सांगितले, आणि तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतले. शिबिरात ज्या चिकाटीचे वर्णन ऐकले होते ती तिला इथे प्रत्यक्ष पाहायला मिळाली. मुलांनी तिला मारले नाही, टाकून बोलली नाहीत, तिच्या गतीने शिकू दिले. आठ दिवसांत ती बऱ्यापैकी ओरडू लागली.

तिसऱ्या आठवड्यात गिरणीचा भोंगा झाला तेव्हा पाढे चालू होते. चन्नम्मा आता आत बसत असे. संपानंतर तिला कायम करण्यात आले होते. तिने एकदम मान वर करून विचारले, “बाई, भोंगा कोण वाजवतं? त्याला कोण उठवतं?”

हेमावतीच्या हातातला गज खाली आला. जूनपासून त्या खोलीत कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. भोंगा वाजवणारा माणूस भोंगा व्हायच्या आधी कसा उठत असेल, हे तिच्याही मनात कधी आले नव्हते. तिने उत्तर द्यायला तोंड उघडले.

“बाई, ही मधीच बोलली,” मुक्ता म्हणाली. “मारा.”

सगळी मुले वाट बघत होती. चन्नम्माने हात आधीच पुढे केला होता. मूल सांगेल तसे, ही पाटी अजून बाहेर होतीच. ती काढा असे मुलांनी सांगितलेले नव्हते. हेमावतीने गज उचलला आणि तळहातावर टेकवला, अगदी हलके, फूल ठेवावे तसा.

“जोरात,” चन्नम्मा म्हणाली. “दिसाया पायजे. अज्जाला दाखवायचंय.”

हेमावतीने जोरात मारला.

भोंग्याला कोण उठवते, हे सांगायचे राहून गेले.

अज्जांनी वळ पाहिला, दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना दाखवला, आणि बालमंदिराला शेजारची खोलीही दिली. संक्रांतीपर्यंत ही कीर्ती सगळ्या पेठांत पोचली होती. मुलांना मारणाऱ्या शाळा सोलापुरात होत्याच. पण मुले आपण होऊन छडी मागतात, अशी शाळा ही एकच. करकंबहून एक शेतकरी मुलाला खांद्यावर घेऊन आला. पुण्याच्या शिबिराने हेमावतीला ‘बालकांचा स्वयंनिर्णय : सोलापूरचा अनुभव’ या विषयावर बोलायला बोलावले. तिने मुलांना विचारून कळवते असे लिहिले. मुलांनी नको म्हणून सांगितले.

कारभार अर्थातच मुलांकडेच आहे. बाई कोण असावी हे रोज सकाळी मुक्ता ठरवते. ओरडण्यात चिमाबाई सरस आहे, हे मुलांच्या चटकन लक्षात आले. ‘मेल्या’ आणि ‘मुडद्या’ हे तिचे शब्द तिला सन्मानाने परत देण्यात आले आहेत. त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस हेमावतीला काम नसते. ती उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि भोंगा झाला की टाचा उंच करून आत बघते. तिच्या टिपणवहीत याची नोंद चिकाटी, संयम आणि आशावाद अशीच आहे. कॉलेजातली बेडकांची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. आता ते तिला दिसत नाहीत.

तिच्या मागे मुलांना घालायला आलेल्या आई-वडिलांची रांग असते. सगळे शिकलेले, समंजस लोक. मुलांना मारू नये असे त्यांचे ठाम मत आहे, आणि आपले मूल याच शाळेत जावे असेही.

ही हकीकत वाचताना आपण अधूनमधून हसला असाल. हसण्याला अद्याप हरकत नाही. पण मध्येच कुठेतरी, आपल्या धाकट्याला तिथे घेतील का, हेही आपल्या मनात येऊन गेले असणार. म्हणून ही माहिती : पहिल्या भोंग्याआधी यावे. हेमावतीबाईंच्या मागे उभे राहावे. प्रश्न विचारू नये. आपल्याला काय वाटते हे तिथे कुणी विचारणार नाही. पहिले काही दिवस चुकल्याचुकल्यासारखे होते, मग फार हलके वाटू लागते. पण हे आपल्याला सांगायला नको, आपल्याला तर सवय झालीच असेल. पेरू मात्र आठवणीने आणावा. अर्धा आता चालत नाही.